पन्नासावा मणी

मनोरीच्या पर्पेच्युआला पूर्ण नावानं हाक मारणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता, आणि तो गावचा नव्हता. गावाला ती पेपूबाय. एवढं लांबलचक नाव घ्यायला कोळ्याला सवड कुठली? तोवर भरती येऊन जायची. पण गावच्या मराठी शाळेत शिकवायला रोज अंधेरीहून येणारे सबनीस मास्तर तिला “पर्पेच्युआबाई” असं सबंध म्हणत, जोडाक्षरासकट, आणि म्हणताना नाकाला रुमाल लावून म्हणत.

रुमालाचं कारण साधं होतं. पर्पेच्युआ पहाटेच्या तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, पाटी घेऊन मालाडच्या बाजारात जायची आणि दहाच्या तरीनं परत यायची. मास्तरांची शाळा अकराची, म्हणून तेही खाडीपलीकडच्या मार्व्याहून दहाचीच तर धरत. पाटी रिकामी असली तरी वास काय मालाडला ठेवून येत नाही. ही एका टोकाला, मास्तर दुसऱ्या टोकाला, आणि मधे खाडीचा वारा नेमका हिच्याकडून त्यांच्याकडे. आठ वर्षं हेच चाललं होतं.

“मास्तर, नाक धरून माणूस किती वर्षं जगतो हो?” ती विचारायची.

“तुमच्या कृपेनं आठ झाली, पर्पेच्युआबाई,” मास्तर रुमालातून म्हणायचे. मग सगळी तर हसायची. एवढीच त्यांची ओळख. म्हटलं तर काहीच नाही, आणि म्हटलं तर रोजची.

पर्पेच्युआला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोजण्यात तिचा हात धरील असं गावात कुणी नव्हतं. बोंबील, मांदेली, काहीही असो, हात ढिगात जायचा तो बरोब्बर पाच घेऊनच वर यायचा. तोंडानं शेजारणीशी भांडण चालू असलं तरी मोजणी चुकायची नाही. तिच्या सासरी मोजायची एक रीत होती. पन्नास मासे मोजून झाले, की पन्नासावा ढिगात टाकायचा नाही, उजव्या हाताला ठेवलेल्या वेताच्या छोट्या टोपलीत टाकायचा. ती पेत्राची टोपली. संत पेत्र हा स्वतः कोळी, तेव्हा त्याचा वाटा काढल्याशिवाय मासे विकायला न्यायचे नाहीत. टोपलीतले मासे रविवारी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जात. सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे शिकवलं आणि वर दम भरला, “पेत्राला दिलेला परत घ्यायचा नाय. मग घरात चूल पेटली नाय तरी चालंल.”

सासूनं आणखीही एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे एकशे त्रेपन्न.

सासूलाही वाचता येत नव्हतं. पण दरवर्षी देवळात फादरांच्या तोंडून ऐकून बायबलातला तो अध्याय तिला पाठ झाला होता. येशू मेला, पुरला, पुन्हा उठला. इकडे पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकून बसलेत आणि मासा म्हणून लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर एक माणूस उभा. तो म्हणतो, उजव्या बाजूला टाका. टाकलं, तर जाळं ओढवेना. किनाऱ्याला आणून मोजले तर मोठे मासे एकशे त्रेपन्न, आणि एवढे असूनही जाळं फाटलं नाही. आता यावर मोठमोठ्या पंडितांनी काय काय लिहिलं असेल ते असो. कोळ्याच्या बाईला यातलं खरं ते लगेच कळतं. मासे होते तर कोळ्यानं ते मोजलेच असणार. समोर साक्षात देव उभा का असेना, आधी मोजणी!

“एकशे त्रेपन्न,” सासू म्हणायची, “आणि आपली माळ किती? तीच.”

जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हणजे पन्नास. तीन फेऱ्या केल्या की दीडशे ‘नमो मरिये’. आणि सुरुवातीच्या लोंबत्या दोऱ्यातले तीन मणी, ते एकदाच म्हणायचे. बेरीज एकशे त्रेपन्न. तेव्हा नवरा होडी घेऊन गेला की बाईनं तीन फेऱ्यांची सबंध माळ म्हणायची. एकशे त्रेपन्न पुरे झाले, की जाळं फाटत नाही आणि होडी बुडत नाही. सासूनं हे असं सांगितलं, की जणू पेत्रानं तिच्याशी बोली केली होती.

पर्पेच्युआनं एकोणीस वर्षं ही माळ म्हटली. ताप असताना म्हटली, बाळंतपणात म्हटली. रोनाल्ड, तिचा नवरा, तिला चिडवायचा. बोटांनी मणी सरकवत ती कामं करायची, तेव्हा तो म्हणायचा, “देवाला ठाऊक तरी हाय का, तू त्याच्याशी बोलतेस का पापलेटाशी?” पण होडी पाण्यात लोटण्याआधी विचारायचा मात्र, “माळ घेतलीस ना गं?”

रोनाल्ड चालायचा भरभर आणि पर्पेच्युआ सावकाश. रविवारी देवळात मिसाला निघाले, की तो पुढे जायचा आणि रस्त्याकडेच्या खुरसापाशी, म्हणजे दगडी क्रुसापाशी, थांबून ही येईपर्यंत बडबडायचा. “बाजारात पळतेस, देवळात जाताना पाय मोडतात काय तुझे?” ही मुद्दाम आणखी सावकाश चालायची. सगळा गाव हा तमाशा दर रविवारी बघायचा.

पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात एका दुपारी आभाळ अचानक फिरलं. होडीवर चौघे होते. तिघे पोहत मढच्या किनाऱ्याला लागले. रोनाल्ड तिसऱ्या दिवशी लागला. बेचाळीस वर्षांचा होता.

पर्पेच्युआ रडली, पण कोसळली नाही. समुद्र आहे, कुणाचा ना कुणाचा तो घेणारच. कोळीवाड्यात हे कुणाला समजवावं लागत नाही. तिनं काळं लुगडं नेसलं आणि चाळीस दिवसांनी पाटी डोक्यावर घेतली. त्या दुपारीही तिनं तीन फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं. “माझ्याकडनं काय राहिलं नाय,” ती म्हणायची. त्या एका वाक्यावर तिचं वर्ष निघालं.

वर्ष सरलं. पर्पेच्युआला एकच मुलगी, एथेल, आता एकोणीस वर्षांची. तिचं लग्न मढच्या रुडॉल्फशी ठरलेलं होतं, सुतकासाठी थांबलं होतं. रुडॉल्फही होडीवरचाच. नाताळानंतर लग्न, त्याआधी देवळात तीन रविवार पुकारा व्हायचा, की अमक्याचं तमकीशी लग्न आहे, कुणाची हरकत असेल तर बोला. तयारीसाठी एथेलनं घर काढलं धुवायला. भिंतीवरची पेत्राची टोपली उतरवली आणि ओसरीवर उलटी करून काठीनं झोडपली. वीस वर्षांचे खवले पडले. त्या खवल्यांबरोबर विणीत रुतून बसलेला एक काळा लाकडी मणी टणकन पडला आणि गडगडत आईच्या पायाशी गेला.

“आय, हा बघ! तुझ्या माळेचा दिसतो.”

“माझ्या माळेचा कसा असंल? माझी माळ सबंध हाय.”

एथेल चौथीचं वर्ष सबनीस मास्तरांच्या हाताखाली शिकलेली. तिनं आईच्या गळ्यातली माळ काढून घेतली आणि मोजली. दहा, दहा, दहा, दहा, नऊ. पुन्हा मोजली. मग जे बोलू नये ते पोरगी पटकन बोलून गेली, कारण हिशेब तोंडावर होता. “एकोणपन्नास गं! म्हंजे तीन फेऱ्यांचे एकशे सत्तेचाळीस, नि ते तीन. दीडशेच होतात. रोज तीन कमी.”

पर्पेच्युआ ओसरीवर बसली ती उठली नाही.

तिला सगळं आठवलं. अडतीस साल. एथेल वर्षाची, मांडीवर. तिनं माळ मुठीत धरून ओढली आणि दोरा तुटला. सासूनं वांद्र्याच्या जत्रेतून आणलेली माळ. मणी ओसरीभर झाले. पर्पेच्युआनं ते गोळा केले आणि जाळ्याच्या सुतात ओवायला बसली. पोर रडतंय, सासू आत ओरडतेय, आणि हिचा हात आपला आपण मोजतोय, ओवतोय. एकोणपन्नास ओवले आणि पन्नासावा हातानं उजवीकडच्या टोपलीत टाकला. पेत्राचा! हाताला काय कळतं मणी आणि मासा? हाताला पन्नास कळले. पुढं सतरा वर्षं अंगठा त्या अपुऱ्या भागावरून रोज तीनदा गेला, पण डोकं कधी मोजायला बसलं नाही. मोजायचं काम हाताचं होतं आणि त्या हातावर तिचा फार भरवसा होता.

एथेलनं दोरा ओढला, ही गोष्ट मात्र तिनं एथेलला सांगितली नाही. तेव्हाही नाही आणि कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती फादरांकडे गेली आणि म्हणाली, “फादर, मी माझ्या नवऱ्याला मारला.” फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते रागावले. प्रार्थना म्हणजे काय मासळीबाजार आहे का? देव काय बोटं मोजत बसलाय? ही अंधश्रद्धा आहे, पाप आहे, सोडून दे. फादरांचं म्हणणं बरोबरच होतं, त्यात खोट काढता येणार नाही. पण बरोबर बोलण्यानं पोट भरलं असतं तर जगात दुःखच उरलं नसतं. पर्पेच्युआ घरी आली, माळ खुंटीला टांगली आणि मणी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. पुकारा थांबवायला तिनं निरोप धाडला.

“माझ्या जपावर मी दुसरी होडी पाण्यात सोडणार नाय,” ती एथेलला म्हणाली. “रुडॉल्फला सांग, गिरणीत जा, पोस्टात जा, कुठंही जा. दर्यावर जाणाऱ्याला मी मुलगी देणार नाय.”

“आय, तू येडी झालीस काय? त्याला दुसरं काय येतं?”

“तं मग नको.”

“माळ मी ओवते नीट! आता पन्नास होतील की!”

“आता पन्नास होऊन काय उपेग? गेलेली सतरा वर्षं कोण ओवणार?”

एथेल रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. आईही जेवली नाही, त्यामुळे त्या उपासाचा काही परिणाम झाला नाही. रुडॉल्फ मढहून येऊन ओसरीवर तासभर बसून गेला. पर्पेच्युआनं त्याला चहा दिला, प्रेमानं दिला, आणि नाही म्हणाली.

शेवटी एथेल मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन मास्तरांपुढे उभी राहिली. हे पर्पेच्युआला पुष्कळ मागाहून कळलं. मास्तर म्हणाले होते, “अगं, तुमच्या धर्मातलं मी ब्राह्मण काय सांगणार? मला गणित येतं तेवढंच.” आणि मग एकदम खुर्चीत सरळ बसून म्हणाले होते, “थांब. किती कमी म्हणालीस? किती होतात सगळे?”

दुसऱ्या दिवशी मार्व्याच्या धक्क्यावर ओहोटी होती. तर चिखलात रुतलेली, पाणी चढायला अर्धा तास. पर्पेच्युआ रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली होती. मास्तर आले आणि तिच्या शेजारी, रुमाल न लावता, जुन्या होडीच्या फळीवर बसले. पर्पेच्युआनं त्यांच्याकडे पाहिलं. वास तर येतच होता.

“काय झालं मास्तर? नाक गेलं का?”

“पर्पेच्युआबाई, तुम्हाला एक दाखवायचंय. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका. फक्त बघा.”

“एथेल आलती काय तुमच्याकडं?”

“आली होती.” मास्तर खोटं बोलायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला. “तुमच्या एकशे त्रेपन्नाची मला दहा वर्षांपासून ओळख आहे. तुमच्या शास्त्रातून नव्हे, माझ्या वहीतून. फार विचित्र आकडा आहे हा. एकपासून सतरापर्यंत सगळे आकडे मिळवा, बेरीज एकशे त्रेपन्न.”

“सतरा?” पर्पेच्युआ दचकली.

“सतरा. का हो?”

“काय नाय. बोला.”

“आता यातला एकेक आकडा घ्या. एक, पाच, तीन. प्रत्येक आकडा तीनदा मांडून गुणायचा. एकाचा एकच. पाच पाचा पंचवीस, पंचवीस पाचे सव्वाशे. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. एक, सव्वाशे, सत्तावीस. किती झाले?”

पर्पेच्युआला लिहिता येत नसलं तरी बेरीज तिच्या बोटांवर होती. “एकशे त्रेपन्न,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “फिरून तोच?”

“फिरून तोच. हा आकडा असा मोडला तर आपल्यातच परत येतो. पण खरी गंमत पुढंच आहे. तीननं भाग जाणारा कुठलाही आकडा घ्या. कुठलाही! तो असाच मोडत जा, मोडत जा. कुणी लवकर, कुणी उशिरा, पण सगळे शेवटी एकशे त्रेपन्नाला येऊन थांबतात. माझी आई एकशे आठ मण्यांची माळ ओढते. एकशे आठ मोडा. एकाचा एक, शून्याचं काही नाही, आठाचे पाचशे बारा. झाले पाचशे तेरा. ते मोडा. सव्वाशे, एक, सत्तावीस. एकशे त्रेपन्न.”

“तुमची आई बरी. दोन पावलांत पोचली.” पर्पेच्युआच्या तोंडून गेलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून असलं काही गेलं होतं. पण लगेच तिचा चेहरा पुन्हा बंद झाला. “त्याचा माझ्याशी काय संबंध?”

“तुम्ही फेऱ्या किती करायच्या?”

“तीन.”

“मग एका फेरीत मणी पन्नास असोत, एकोणपन्नास असोत, नाहीतर सदतीस. तीनदा म्हटलेत की त्याला तीननं भाग जाणारच. वर सुरुवातीचे तीन, त्यांनाही जातो. तुमची माळ कितीही तुटकी असती ना, तरी तुम्ही तीन फेऱ्या पुऱ्या केल्यात तोवर तुमचा आकडा चुकूच शकत नव्हता. दीडशे म्हणता ना? हे बघा.”

आणि मास्तरांनी त्या फळीवर खडूनं दीडशे मोडायला घेतले. तोंडानं मोठ्यानं सांगत, एकेक. एकशे सव्वीस. सव्वादोनशे. एकशे एक्केचाळीस. सहासष्ट. पर्पेच्युआ बेरजा तपासत होती, बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत, आणि मास्तर तिच्यासाठी थांबत होते. चारशे बत्तीस. नव्याण्णव. चौदाशे अठ्ठावन्न.

“हा तर वाढत चालला!” ती घाबरून म्हणाली.

“वाढू दे. येतो.”

सातशे दोन. तीनशे एक्कावन्न. मग सत्तावीस, सव्वाशे आणि एक. मास्तरांनी लिहिलं नाही, नुसते थांबले. पर्पेच्युआनंच सांगितलं. “एकशे त्रेपन्न.”

“दहा पावलं लागली. पण पोचला. रोज पोचला, पर्पेच्युआबाई. सतरा वर्षं. त्या दिवशीसुद्धा.”

धक्क्यावरची दोघं-चौघं मान वळवून बघत होती. फळीवर पांढऱ्या आकड्यांची ओळ लागली होती. पर्पेच्युआनं त्या ओळीवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

“मग तो का नाय आला?” तिनं विचारलं. “आकडा पोचला, तं होडी का नाय पोचली?”

हा प्रश्न येणार हे मास्तरांना ठाऊक असावं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

“ते गणितात नाही,” ते म्हणाले. “मी थाप मारणार नाही तुम्हाला. आकड्यानं होडी तरते असं मला वाटत नाही, आणि आकड्यानं ती बुडते असं तर मुळीच वाटत नाही. मी एवढंच सांगू शकतो, की तुमच्याकडून जे जायचं होतं ते कमी गेलं नाही. तेवढं मात्र कुणाच्या बापाला खोडता येणार नाही.”

मग पर्पेच्युआनं ते केलं, जे ती माल विकत घेताना नव्या व्यापाऱ्याशी करायची. त्यानं दाखवायला निवडलेला नग बाजूला सारायचा आणि आपण ढिगातला उचलून त्याच्या हातात द्यायचा.

“तुम्ही तुमचे आकडे घेता, मास्तर. मी सांगते तो घ्या. बेचाळीस.”

मास्तरांनी चार आणि दोन मिळवून बघितले, सहा. “जातो भाग. चाराचे चौसष्ट, दोनाचे आठ. बाहत्तर. साताचे तीनशे त्रेचाळीस, दोनाचे आठ. तीनशे एक्कावन्न. आणि हा मघाशी येऊन गेलाच. एकशे त्रेपन्न.” ते खूश झाले. “वा! तीन पावलांत. अगदी सरळ गेला. कुणाचा आकडा हा?”

“रोनाल्डचं वय.”

मास्तरांचा खडू हातातच राहिला. पर्पेच्युआनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. वर्षभर कोळीवाड्यानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्यानं, लाज सोडून, पाटीवर बसून, मार्व्याच्या धक्क्यावर भर सकाळी. मास्तर बिचारे फळीवरचे आकडे पुन्हा पुन्हा गिरवत बसले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

“तो भरभरच चालायचा,” ती जरा वेळानं म्हणाली. नाक पुसलं. “आता माझा बघा. अडतीस.”

मास्तरांनी तोंड वाकडं केलं. “याला तीननं भाग जात नाही हो.”

“तरी बघा.”

बघितलं. पाचशे एकोणचाळीस, आठशे एक्याऐंशी, असा भटकत भटकत तो तीनशे एकाहत्तरावर आला आणि तिथंच अडकला. कितीदा मोडला तरी तीनशे एकाहत्तर.

“नाही पोचत,” मास्तर ओशाळून म्हणाले. जणू त्यांचाच गुन्हा.

“नाय ना पोचत? मी अजून हितंच हाय. मग बरोबर हाय तुमचं गणित,” पर्पेच्युआ म्हणाली आणि उठली. पाणी चढलं होतं.

घरी आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. एथेल सुई आणि सूत घेऊन धावलीच. “दे, ओवते.”

“ठेव ते. पन्नासावा पेत्राचा असतो. त्याला दिलेला परत घ्यायचा नाय.” असं म्हणून तिनं मणी धुतलेल्या टोपलीत टाकला आणि टोपली होती त्या खिळ्याला टांगली. मग खुंटीवरची माळ घेतली, एकोणपन्नास मण्यांची, आणि चुलीसमोर बसून म्हणायला लागली. एथेल दारात उभी राहून ऐकत होती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरी संपल्यावर आई म्हणाली, “रुडॉल्फला निरोप धाड. नि फादरांना सांग, येत्या रविवारपासून पुकारा करा. आणि माळेचं काय बोलू नको त्यांच्यापुढं, उगाच म्हाताऱ्याला त्रास.”

जानेवारीत लग्न झालं. मास्तर आले होते, केळी आणि नारळ खाऊन गेले. एथेल मढला गेली. तिच्या गळ्यात नवी माळ होती, पन्नास मण्यांची, बरोब्बर. सगळ्यांनी मोजून घेतलेली. पर्पेच्युआनं तिला एवढंच सांगितलं, “मणी किती हायत ते बघू नको. फेऱ्या तीन कर.”

मार्चात एका सकाळी दहाच्या तरीत पर्पेच्युआ आपलं टोक सोडून मास्तरांच्या टोकाला आली. मास्तरांचा हात सवयीनं रुमालाकडे गेला आणि परत आला.

“मास्तर, खडू हाय? एकोणचाळीस लागलं मला.”

मास्तरांनी तरीच्या बाकावरच मांडलं. सातशे छप्पन्न. सहाशे चौऱ्याऐंशी. सातशे ब्याण्णव. एक हजार ऐंशी. पाचशे तेरा. यापुढचं पर्पेच्युआला पाठ होतं. ती आधीच हसायला लागली.

“पोचला,” मास्तर म्हणाले. “सहा पावलं.”

“त्याची तीन नि माझी सहा.” तिनं मनोरीच्या किनाऱ्याकडे बघितलं. “थांबला असंल खुरसापाशी, बडबडत. थांबू दे मेल्याला.”